औषधांची पिशवी

वृद्धांच्या ओपीडीत तपासणीची सुरुवात औषधांच्या पिशवीपासून होते. पेशंटला आधीच्या खेपेला सांगून ठेवलेले असते: घरात असतील तेवढी सगळी औषधे घेऊन या, चालू असोत, बंद असोत, शेजारणीने दिलेली असोत. मग टेबलावर पिशवी रिकामी होते. बीपीच्या गोळ्या दोन डॉक्टरांनी दिलेल्या, नावे वेगळी, आत औषध एकच: अॅम्लोडिपिन. शुगरची गोळी. झोपेची अर्धी गोळी, चार वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. मेडिकलवाल्याने चिठ्ठीविना दिलेली गुडघेदुखीची गोळी. मुलाने पुण्याहून आणलेली कॅल्शियमची बाटली, सील न फोडलेली. एक चूर्ण. आणि कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे, ज्यांवर ना नाव उरले आहे ना तारीख. हे सगळे वेगळे करून लावायला वीस मिनिटे सहज जातात. ही वीस मिनिटे वाया गेली असे सुरुवातीला नव्या डॉक्टरला वाटते. बाहेर रांग असते, आत कापलेल्या स्ट्रिप जुळवण्याचे काम चालू असते. पण पेशंटला नेमके काय होते आहे याचे उत्तर पुष्कळदा याच पसाऱ्यात सापडते.

एक साखळी तर इतक्या वेळा दिसते की ती पाठ होऊन जाते. गुडघे दुखतात म्हणून दुखण्याची गोळी रोज घेतली जाते. त्या गोळीने बीपी वाढते. वाढलेल्या बीपीसाठी अॅम्लोडिपिनचा डोस वाढतो. अॅम्लोडिपिनने पायांवर सूज येते. सुजेसाठी ‘पाणी काढायची गोळी’ सुरू होते. ती गोळी लघवी वाढवते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. पाणी उतरल्याने उठताना चक्कर येते. त्यात झोपेच्या गोळीची गुंगी. मोरीचा उंबरा, अंधार, ओली फरशी. आणि सकाळी खुबा मोडलेल्या आजीला उचलून रिक्षात घालण्याची वेळ येते. या साखळीतली प्रत्येक गोळी कुठल्या ना कुठल्या तक्रारीवर योग्य म्हणूनच लिहिलेली असते. चूक एका चिठ्ठीत शोधू गेले तर मिळत नाही. चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या की ती दिसते.

म्हाताऱ्या शरीरात औषध वेगळे वागते, याची कारणे माहितीतली आहेत. मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद वयानुसार कमी होते, त्यामुळे औषध शरीरात जास्त वेळ राहते. शरीरातले पाणी घटते, चरबीचा वाटा वाढतो. डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधे तिथे साठून दिवसेंदिवस गुंगी ठेवतात. शुगरची ग्लायबेनक्लामाइडसारखी गोळी तरुण माणसाला चालून जाते, पण सत्तरीपुढच्या आणि भूक मंदावलेल्या माणसाची साखर ती पहाटे एकदम खाली आणू शकते. घरच्यांना दिसतो तो फक्त घाम आणि असंबद्ध बोलणे. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची पहिली यादी अमेरिकेत मार्क बिअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये तयार केली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि वेळोवेळी सुधारली जाते. यादी हाताशी असली तरी गोळ्या कमी करण्याचे काम सावकाशीचे असते. एका वेळी एकच औषध कमी करायचे, दोन-चार आठवडे थांबायचे, मग पुढचे. झोपेची गोळी आणि काही हृदयाच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर नवेच संकट उभे राहते. शिवाय प्रत्येक गोळीमागे तिच्यावरचा विश्वास असतो. ‘मोठ्या डॉक्टरांनी दिलीय’ हे वाक्य ऐकल्यावर त्या डॉक्टरांना फोन करून बोलणे, हाही या कामाचाच भाग आहे.

असे पेशंट आता ओपीडीत मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत आणि येत राहणार आहेत. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसे सुमारे १०.४ कोटी होती. २०२२ मध्ये ती सुमारे १४.९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्के झाली, आणि २०५० पर्यंत सुमारे ३४.७ कोटी होतील असा अंदाज आहे. म्हणजे दर पाच माणसांत एक. हा वाटा १० वरून २० टक्क्यांवर जायला फ्रान्सला जवळपास दीडशे वर्षे मिळाली. भारताला तोच पल्ला तीस वर्षांच्या आत गाठायचा आहे. कोकणातल्या कित्येक वाड्यांवर हे भविष्य केव्हाच येऊन बसले आहे. चाकरमानी मुंबईत, घराला कडी, आणि खळ्यात बसलेले एक म्हातारे जोडपे. गणपतीत आणि शिमग्याला घर भरते, बाकी वर्षभर औषध आणायला शेजारच्या पोराची वाट पाहावी लागते.

पडणे हा या वयातला फार मोठा आजार आहे, आणि तो केसपेपरवर सहसा येतच नाही. ‘पडलात का कधी?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. पडणे म्हणजे हात-पाय मोडणे, असा बहुतेकांचा समज असतो. ‘वर्षभरात कधी पाय घसरला, तोल गेला, भिंत धरावी लागली?’ असे विचारले की सून मध्येच म्हणते, ‘परवाच की, न्हाणीत बसल्या होत्या तशाच.’ प्रश्नाचा शब्द बदलला की आजार सापडतो. तपासणीचे साधनही साधेच असते. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे, घड्याळ लावून. १९९१ मध्ये रूढ झालेल्या या चाचणीला बारा सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका अधिक मानतात. मात्र ज्या घरात खुर्ची फक्त पाहुण्यांसाठी असते, तिथे जमिनीवरून उठताना माणूस काय करतो हे पाहणे जास्त उपयोगी ठरते: एक हात गुडघ्यावर, दुसरा जमिनीवर, मग क्षणभर ओणवे थांबणे. त्या थांबण्यातच पुष्कळ काही कळते.

बीपीही दोन स्थितींत मोजावे लागते. पाच मिनिटे आडवे ठेवून एकदा, आणि उभे केल्यावर एका व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर उभे राहताना मेंदूला रक्त कमी पडते, असे समजावे. गर्दीच्या ओपीडीत हे सहज टळते, कारण त्यासाठी रिकामी कॉट लागते आणि पाठीशी उभे राहणारे एक माणूस लागते. बसलेल्या स्थितीत १५० निघालेले बीपी उभे राहिल्यावर ११५ झालेले पाहिले, की आणखी एक गोळी लिहायला हात धजावत नाही.

खुबा मोडल्यावर पहिले दोन दिवस निर्णायक असतात. शक्य असेल तर ४८ तासांच्या आत ऑपरेशन होऊन पेशंट लवकर उभा राहिला पाहिजे, हे आता जगभर मान्य आहे. घरात मात्र ‘या वयात चिरफाड नको’ हा विचार प्रेमापोटीच येतो. ऑपरेशन टाळून पायाला वजन लावून सहा आठवडे पडून राहिले की छातीत कफ साठतो, माकडहाडाशी जखम होते, मांडीचे स्नायू वितळतात. तरुण माणसाचे पडून राहिल्याने जेवढे जाते ते परत मिळते. ऐंशीच्या माणसाचे गेलेले बळ बहुधा परत येत नाही. म्हणून वॉर्डात वृद्ध पेशंटला दुसऱ्या दिवशी कॉटच्या कडेला बसवण्याचा आग्रह धरला जातो. नातेवाइकांना तो निर्दय वाटतो. तो का धरला जातो, हे त्यांना बसून समजावणे फार गरजेचे असते.

स्मृतीचा विषय निघाला की मराठी घरात एक तयार उत्तर असते: साठी बुद्धी नाठी. या म्हणीने फार नुकसान केले आहे. विसरभोळेपणा वयाचाच, असे धरून चालल्यामुळे डिमेन्शिया तीन-चार वर्षे उशिरा कळतो. आणि उलट, सहज बरे होणारे कारणही त्याच पांघरुणाखाली झाकले जाते. कानात मळ गच्च बसला म्हणून ऐकू येत नाही, ऐकू येत नाही म्हणून उत्तर चुकते, उत्तर चुकले म्हणून ‘आता काही कळत नाही त्यांना’ असे घरात ठरते. मळ काढल्यावर तेच आजोबा नातवाला हिशेबातली चूक दाखवतात. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या ही सगळी आधी तपासून बाजूला काढावी लागतात.

स्मृती मोजण्याचे बहुतेक नमुने शाळा शिकलेल्या माणसासाठी बनलेले आहेत. १९७५ चा फोल्स्टीन यांचा प्रसिद्ध नमुना शंभरातून सात-सात वजा करायला सांगतो, वाक्य लिहायला सांगतो. कधी पाटी न धरलेल्या बाईला हे विचारणे म्हणजे तिची स्मृती न मोजता तिची न झालेली शाळा मोजणे आहे. म्हणून १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर वृद्धांसाठी हिंदी नमुना तयार झाला, आणि त्याच वाटेने इतर भाषांत काम पुढे गेले. मराठीत विचारतानाही भान ठेवावे लागते. ‘आज तारीख काय?’ याला उत्तर येत नाही, पण ‘आज वार कोणता, तिथी कोणती?’ विचारले तर ‘एकादशी झाली परवा, म्हणजे आज त्रयोदशी’ असे उत्तर येते. ज्या माणसाला तिथी बरोबर सांगता येते त्याचे काळाचे भान शाबूत आहे, हे तपासणाऱ्याला उमगले पाहिजे.

वय विचारणे हेही असेच कसबाचे काम आहे. आधार कार्डावर कितीतरी जणांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून असते. १ जून ही गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. खरे वय काढायला प्रसंगांचा आधार घ्यावा लागतो. ‘पानशेत फुटलं तेव्हा शाळेत होतात का?’ ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं?’ ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा थोरला केवढा होता?’ १९६१, १९६७, १९७२ हे तीन खांब रोवले की बहुतेकांचे वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने ठरते. आणि वाटेत जे ऐकायला मिळते त्याने पेशंट नुसता पेशंट राहत नाही.

डिमेन्शियाहून वेगळी आणि तातडीची गोष्ट म्हणजे अचानक आलेला भ्रम. ‘काल रात्रीपासून आई वेड्यासारखं बोलतेय, भिंतीवर माणसं दिसतात म्हणते.’ घरच्यांना हा म्हातारचळ वाटतो, कुणाला बाहेरचे काही. प्रत्यक्षात तुंबलेली लघवी, आठवडाभराचा बद्धकोष्ठ, रक्तातले उतरलेले मीठ, ताप न येता झालेला न्यूमोनिया किंवा कालच सुरू केलेली एखादी गोळी, यांपैकी काहीतरी निघते. भ्रमाचा दुसरा प्रकार जास्त फसवा: माणूस बडबडत नाही, उलट गप्प होतो, डोळे मिटून पडतो. वॉर्डात त्याला ‘शांत पेशंट’ म्हणतात आणि तो सुटून जातो. उपाय साधे आहेत. चष्मा लावा, कवळी द्या, कानाचे यंत्र घाला, खिडकीजवळची कॉट द्या, नको असलेली नळी काढा, ओळखीचा एक माणूस उशाशी बसू द्या. यांतले एकही औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून ते चिठ्ठीवर लिहून देण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

हे सगळे वैयक्तिक अनुभवावर सोडून चालत नाही. देशाचे म्हातारपण मोजावे लागते. ते काम मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हाती घेतले. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती झाल्या; पुढच्या फेऱ्यांत त्याच माणसांकडे परत जायचे, ही तिची खरी ताकद. प्रश्नांबरोबर मोजमापेही होती: बीपी, नजर, फुंकरीचा जोर, चार मीटर चालण्याचा वेळ, बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब आणि मुठीची पकड. पकड मोजायचे यंत्र हाती दिले की वातावरण बदलते. आयुष्यभर विळा धरलेली आजी सगळा जीव लावून दांडा आवळते, काटा कुठे गेला ते वाकून पाहते आणि दुसऱ्या हाताने पुन्हा करू का विचारते. रक्ताच्या थेंबाला मात्र हरकत येते. ‘रक्त कशाला? रिपोर्ट आम्हाला मिळणार का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे खरे उत्तर देऊनच पुढे जावे लागते.

याच पाहणीतून साठीपुढच्या चार हजारांहून अधिक लोकांची स्मृतीची सखोल तपासणी झाली, आणि घरच्या माणसाशी वेगळे बोलणे झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. बायकांत तो पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरापेक्षा जास्त. शाळेपासून दूर ठेवलेल्या मुलींच्या पिढीची किंमत सत्तर वर्षांनी अशी वसूल होते आहे, असे हे आकडे वाचताना वाटत राहते.

औषधांच्या संशोधनात मात्र म्हातारी माणसे अजून कोपऱ्यात आहेत. ज्यांना चार आजार आहेत, दहा गोळ्या चालू आहेत, त्यांना चाचणीतून वगळले जाते, कारण निकाल गढूळ होतात. आणि औषध बाजारात आले की ते सर्वात जास्त त्यांनाच दिले जाते. २००८ चे ‘हायव्हेट’ हे ऐंशीपुढच्या लोकांवरचे मोठे काम. त्यात ३,८४५ माणसे होती आणि बीपीवरच्या उपचाराने मृत्यू कमी झाले. ऐंशीनंतर बीपीवर उपचार करू नये, हा समज त्याने मोडला. पण त्यातही डिमेन्शिया असलेले, शुश्रूषेवर अवलंबून असलेले आणि उभे राहिल्यावर बीपी कमी निघणारे लोक घेतले नव्हते. ओपीडीत समोर बसलेली आजी नेमकी त्या वगळलेल्यांतली असते. तिच्यासाठी आकडा कुठे ठेवायचा, हे अंदाजानेच ठरवावे लागते.

इथे गोव्यातले काम वाटाड्यासारखे आहे. प्राथमिक दवाखान्यांत येणाऱ्या, किंचित उदास पण अजून नैराश्यात न गेलेल्या साठीपुढच्या १८१ लोकांवर तिथे एक चाचणी झाली. डॉक्टर नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यांच्या अडचणी एकेक करून सोडवायला मदत केली, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी शिकवली, सरकारी योजनांचा लाभ मिळवून दिला. वर्षभरात नेहमीच्या उपचारातल्या गटात १४.४ टक्के लोकांना मोठे नैराश्य आले. समुपदेशकांची मदत मिळालेल्या गटात ४.४ टक्क्यांना. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पेन्शनचा अर्ज भरून देणे हाही उपचार मानून तो मोजला गेला, हे या कामाचे मोठेपण आहे.

सरकारी व्यवस्था आहे, पण विरळ. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड ठेवावा, असे त्यात आहे. पहिल्या आठ प्रादेशिक केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. वृद्धांच्या वैद्यकशाखेचे पदव्युत्तर शिक्षण भारतात सर्वांत आधी मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये १९९६ मध्ये सुरू झाले, डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या प्रयत्नाने. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना लागू आहे. घर पोखरते ते रोजच्या गोळ्यांनी, डायपरने, दवाखान्याच्या रिक्षाने आणि रात्रपाळीच्या बाईच्या पगाराने. या खर्चाला कुठल्याच कार्डावर जागा नाही.

आणि बहुतेक घरांत रात्रपाळीची बाईही नसते. सून असते, नाहीतर मुलगी, नाहीतर पंच्याहत्तरीची बायको. डिमेन्शियाच्या घरांत जाऊन गोव्यातच एक प्रयोग झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात प्रशिक्षित कार्यकर्त्या घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांना आजार समजावत, राग कसा हाताळायचा ते सांगत. त्याने काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले. ओपीडीतही हेच करावे लागते. पेशंटला बाहेर बाकावर बसवून सोबत आलेल्या बाईला विचारायचे: रात्री किती वेळा उठता? उचलताना कंबर कशी आहे? माहेरी शेवटचे कधी गेला होतात? पहिल्या प्रश्नाला ‘सवय झालीय’ असे उत्तर येते. तिसऱ्याला ती थांबते, पदर डोळ्यांना लावते, मग बोलू लागते. बाहेरून आजोबा दार वाजवतात, ‘झालं का गं?’ ती ‘आले बाबा’ म्हणते आणि बोलत राहते. तिचे बीपी त्याच वेळी मोजून घ्यावे. अनेकदा ते वाढलेले निघते, आणि मग तिच्या नावाचा वेगळा केसपेपर काढावा लागतो.